काळा पडदा आणि देवनागरी : लिनक्सवरील ग्राफिक्स ड्रायव्हरच्या प्रश्नाची एक चिकित्सा

गोषवारा : लिनक्स या कार्यकारी प्रणालीविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात ग्राफिक्स ड्रायव्हरचा प्रश्न केवळ तांत्रिक अडचण म्हणून येतो. बहुतेक वेळा खेळ, चित्रफिती किंवा त्रिमितीय चित्रण यांच्या संदर्भात त्याची चर्चा होते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, देवनागरीत काम करणाऱ्या वापरकर्त्याच्या दृष्टीने हा प्रश्न लिपीचा आहे. पडद्याची चित्रमय यंत्रणा कोलमडली की इंग्रजी वाचणाऱ्याला मजकूर-पडद्याचा आधार उरतो. मराठी वाचणाऱ्याला तो उरत नाही. पापडी (वसई) येथील एका प्रत्यक्ष अनुभवाच्या आधारे, तसेच जिस्ट कार्ड, इंडिक्स प्रकल्प आणि मुक्त ड्रायव्हरचा इतिहास यांच्या संदर्भात या प्रश्नाची चिकित्सा येथे केली आहे.

बीजसंज्ञा : लिनक्स, ग्राफिक्स ड्रायव्हर, कर्नल, देवनागरी, मुक्त सॉफ्टवेअर, वसई

प्रस्तावना

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मराठी विभागातील एक सहकारी आपला नवा लॅपटॉप घेऊन प्रस्तुत लेखकाच्या पापडी येथील घरी आल्या. लॅपटॉप ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला होता. त्याच्यासोबत विकतची कार्यकारी प्रणाली न घेतल्याने काही हजार रुपये वाचले होते. त्यावर लिनक्स बसवून झाले होते आणि दोन आठवडे सर्व काही सुरळीत चालले होते. पीएच.डी.च्या प्रबंधाची पाच प्रकरणे, मुलाखतींची लिप्यंतरे आणि वसईतील सामवेदी बोलीच्या शब्दांची एक यादी, असा सारा ऐवज त्यात होता. संचयिकांना आणि फायलींना बाईंनी मराठीत, देवनागरीत नावे दिली होती. मराठीच्या अध्यापिकेने आपल्या संगणकावर दुसरे काय करावे?

एके दिवशी प्रणालीने अद्ययावतीकरण सुचवले, बाईंनी ते मान्य केले आणि पुन्हा सुरू केल्यावर पडदा काळा झाला. प्रवेशाची नेहमीची खिडकी आलीच नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन या कळा एकत्र दाबल्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रोमन अक्षरांत नाव आणि परवलीचा शब्द विचारणारा मजकूर-पडदा मात्र आला. म्हणजे संगणक जिवंत होता आणि फायलीही सुरक्षित होत्या. सावधगिरी म्हणून प्रथम प्रबंधाची प्रत पेन ड्राइव्हवर काढून घ्यावी, असे ठरले. फायलींची यादी मागणारी आज्ञा दिली, तेव्हा पडद्यावर नावांच्या जागी ठोकळ्यांच्या ओळी उमटल्या. कुठे सहा ठोकळे, कुठे नऊ, कुठे अकरा. बाईंनी शांतपणे विचारले, "सर, यातलं माझं तिसरं प्रकरण कोणतं?"

या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी देता आले नाही. सगळी संचयिका सरसकट उचलून प्रत काढली गेली, हा भाग वेगळा. मात्र हा प्रश्न ज्या जागी निर्माण झाला, त्या जागेकडे आपल्या संगणकविषयक लेखनाने लक्ष दिलेले नाही. प्रस्तुत लेख त्या जागेविषयी आहे.

(येथे 'ड्रायव्हर' हाच शब्द योजला आहे. 'चालक' हा पर्याय उपलब्ध आहे, परंतु वसईत चालक म्हटल्यावर एस.टी.चा चालक डोळ्यांसमोर येतो आणि वाक्याचा अर्थ दोन क्षण उशिरा लागतो.)

बिघाडाचे स्वरूप

बिघाडाचे कारण किरकोळ होते आणि ते शोधायला अडीच तास लागले. ते थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे, कारण 'लिनक्सवर ग्राफिक्स चालत नाही' या ढोबळ विधानाखाली अनेक भिन्न गोष्टी झाकल्या जातात.

आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स यंत्रणा असतात. एक मुख्य प्रक्रियकातच अंतर्भूत आणि कमी वीज घेणारी, दुसरी स्वतंत्र व शक्तिशाली. पडदा यांपैकी कोणत्या यंत्रणेला जोडलेला आहे, हे लॅपटॉपच्या रचनेवर आणि काही वेळा बायोसमधील निवडीवर अवलंबून असते. सदर लॅपटॉपमध्ये तो स्वतंत्र यंत्रणेला जोडलेला होता. तिचा ड्रायव्हर निर्मात्याकडून वेगळा येतो आणि कर्नलच्या बाहेर राहतो. कर्नल बदलला की त्या ड्रायव्हरचा कर्नलला जोडणारा भाग त्या विशिष्ट कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस नावाची व्यवस्था हे काम आपोआप करते, पण त्यासाठी नव्या कर्नलच्या 'हेडर' फायली संगणकावर असाव्या लागतात. बाईंच्या संगणकावर कर्नल नवा आला आणि हेडर आले नाहीत, कारण प्रथम प्रतिष्ठापना करताना हेडर सतत अद्ययावत ठेवणारे पॅकेज कोणी निवडलेच नव्हते. ड्रायव्हर बांधला गेला नाही. मुक्त पर्यायी ड्रायव्हर पूर्वीच वर्ज्य यादीत टाकलेला होता, कारण दोन्ही ड्रायव्हर एकाच यंत्रणेवर हक्क सांगू शकत नाहीत. परिणामी पडद्याला धनी उरला नाही. संगणक सुरू होताना फर्मवेअरने मांडून ठेवलेल्या साध्या चौकटीवर मजकूर-पडदा तेवढा तगून राहिला.

उपाय तीन ओळींचा होता. ग्रब या प्रारंभसूचीतून आधीचा कर्नल निवडला, चित्रमय पडदा परत आला, हेडरचे पॅकेज बसवले आणि ड्रायव्हर पुन्हा बांधून घेतला. त्यानंतर सिक्युअर बूटसाठी नव्या ड्रायव्हरवर स्वाक्षरी असणे आवश्यक ठरले. त्याकरिता पुढच्या प्रारंभाच्या वेळी निळ्या पडद्यावर, इंग्रजीत आणि मर्यादित सेकंदांत परवलीचा शब्द देऊन ती किल्ली नोंदवावी लागते. ती संधी पहिल्या खेपेस हुकली. दुसऱ्या खेपेस काम झाले.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या प्रकरणात दोष कोणा एकाचा नव्हता. कर्नल आपल्या नियमाने बदलला, ड्रायव्हर आपल्या नियमाने अडला, सुरक्षा-व्यवस्थेने आपले काम केले. तीन स्वतंत्र, सुबुद्ध व्यवस्थांच्या सांध्यात एका अध्यापिकेचे तिसरे प्रकरण अडकले.

मजकूर-पडदा मराठी का वाचत नाही

लिनक्सच्या परंपरेत मजकूर-पडदा हा अखेरचा आश्रय मानला जातो. चित्रमय यंत्रणा बिघडली तरी बिघडत नाही, अशी त्याची ख्याती आहे आणि ती खरीही आहे. तथापि ही ख्याती रोमन लिपीपुरती आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

कर्नलमधील मजकूर-पडदा एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती हाताळू शकतो. जुन्या व्हीजीए पद्धतीचा हा वारसा होय. केवळ संख्येचा प्रश्न असता तर तो सुटला असता, कारण युनिकोडमध्ये देवनागरीसाठी राखलेली स्थाने १२८ आहेत. अडचण रचनेची आहे. मजकूर-पडदा प्रत्येक संकेतासाठी एक ठरावीक रुंदीचा चौकोन धरतो आणि डावीकडून उजवीकडे एकामागून एक आकृती ठेवत जातो. देवनागरी तशी लिहिली जात नाही. 'कि' लिहिताना साठवणीत क आधी व इकार नंतर असतो, पडद्यावर मात्र इकार क च्या आधी उमटावा लागतो. 'र्क'मधील रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. 'ऱ्या'मधील आडवा र, जो मराठीचे वैशिष्ट्य आहे, त्यासाठी वेगळा नियम लागतो. हे सारे फेरबदल चित्रमय वातावरणात हार्फबझसारख्या आकारनिश्चिती करणाऱ्या ग्रंथालयाकडून होतात. ही गणिते मुख्य प्रक्रियक करतो, ग्राफिक्स चिप नव्हे. हे स्पष्ट करणे आवश्यक आहे, अन्यथा 'मराठीसाठी महागडे ग्राफिक्स कार्ड लागते' असा विपरीत बोध व्हायचा. परंतु त्या गणितातून निघालेली अक्षरे कोणत्याही रुंदीची, कोणत्याही जागी बिंदू-बिंदूंनी रेखाटता येतील असा पडदा हवा आणि त्यावर चालणारे चित्रमय वातावरण हवे. ते वातावरण ड्रायव्हरच्या पायावर उभे असते. पाया खचला की इंग्रजी वाचक तळमजल्यावर उतरतो. मराठी वाचकाच्या घराला तळमजला नाही.

याचे एक बोलके उदाहरण डेबियन या वितरणाच्या प्रतिष्ठापकात सापडते. त्याची दोन रूपे आहेत, मजकुरी आणि चित्रमय. भारतीय भाषांचे पर्याय चित्रमय रूपातच मिळतात, मजकुरी रूपात ते दाखवता येत नाहीत. म्हणजे ज्या नव्या लॅपटॉपवर चित्रमय प्रतिष्ठापक पडदाच दाखवू शकत नाही, तेथे मराठीतून लिनक्स बसवण्याचा मार्ग पहिल्याच पायरीला बंद होतो. भाषांतरकारांनी कितीही परिश्रमाने प्रत्येक वाक्य मराठीत आणलेले असो, ते वाक्य त्या यंत्रावर दिसत नाही. स्थानिकीकरणाचे यश किती वाक्ये भाषांतरित झाली यावर मोजण्याची आपल्याकडे रीत पडली. वाक्य कोणत्या परिस्थितीत दिसेनासे होते, हे मोजण्याची रीत पडली नाही.

कर्नलच्या बाहेर, चित्रमय पद्धतीने मजकूर-पडदा चालवण्याचा केएमएसकॉनसारखा प्रयत्न २०१२च्या सुमारास झाला. परंतु नेहमीच्या वितरणांत तो सर्वसामान्य वापरकर्त्याच्या हाती रुळला नाही.

पुण्याचे कार्ड, जुहूचा प्रकल्प

हा प्रश्न नवा आहे असे समजणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. उलट तो महाराष्ट्रात एकदा सोडवला गेला होता.

१९८०च्या दशकात आय.आय.टी. कानपूर येथे भारतीय लिप्यांच्या संगणकीय मांडणीवर जे काम झाले, त्यातून जिस्ट हे तंत्र आकाराला आले. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर ते तेथे विकसित झाले. जिस्ट कार्ड हे संगणकात बसवायचे एक जादा कार्ड होते. डॉसच्या मजकूर-पडद्यावर चालणारे आणि देवनागरीची कल्पनाही नसलेले कार्यक्रम या कार्डामुळे मराठी-हिंदीत चालू शकत. लिपी ओळखण्याची आणि अक्षरे घडवण्याची जबाबदारी कार्यक्रमावर नसून पडदा चालवणाऱ्या यंत्रावर होती. या तंत्राच्या इंग्रजी नावातील पहिला शब्दच 'ग्राफिक्स' आहे, हे लक्षणीय आहे. तेव्हाच्या अभियंत्यांना नेमके ठाऊक होते की देवनागरीचा प्रश्न पडद्याच्या पातळीवरचा आहे.

या उपायाला मर्यादा होत्या. कार्ड विकत घ्यावे लागे, ते बंदिस्त होते आणि डॉसचे युग संपले तशी त्याची गरजही सरली. चित्रमय पडद्याने प्रश्न सोडवला असे सर्वांनी गृहीत धरले. वस्तुतः प्रश्न सुटला नव्हता, तो चित्रमय पडद्याखाली सरकला होता. तो पडदा गेला की प्रश्न उघडा पडतो.

त्यानंतरचा टप्पा मुंबईतला आहे. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने, म्हणजे एन.सी.एस.टी.ने, इंडिक्स या प्रकल्पाद्वारे लिनक्सवरील एक्स विंडो प्रणालीतच भारतीय लिप्यांचा आधार घालण्याचा प्रयत्न केला. पुढे ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. याच संस्थेशी संबंधित असलेले सुलेखनकार व कवी प्रा. र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी मंगल आणि रघू हे देवनागरी टंक घडवले. मंगल विंडोजबरोबर घरोघर पोहोचला आणि रघू मुक्त सॉफ्टवेअरच्या वर्तुळात वापरला गेला. इंडिक्सची भूमिका जिस्टच्या भूमिकेशी जवळची होती. लिपीची जाण प्रत्येक कार्यक्रमाला शिकवत बसण्यापेक्षा ती पडद्याच्या यंत्रणेला द्यावी, असा तिचा रोख होता. पुढे लिनक्सच्या जगाने वेगळा मार्ग धरला. आकारनिश्चिती पँगो, हार्फबझ यांसारख्या वरच्या थरातील ग्रंथालयांत गेली. अनेक लिप्यांना एकत्र सामावून घेणारा म्हणून तो मार्ग निःसंशय अधिक लवचीक ठरला. पण थर जितका वर, तितका तो खालच्या प्रत्येक थरावर अवलंबून राहतो, हा त्याचा हिशेबही मांडला पाहिजे.

'मुक्त' या विशेषणाची तपासणी

मराठीत लिनक्सचा परिचय करून देणारे लेख 'मुक्त' या विशेषणापासून सुरू होतात. हे विशेषण ग्राफिक्स ड्रायव्हरला लावताना अधिक सावध असावयास हवे.

ग्राफिक्सच्या क्षेत्रात मुक्ततेचा इतिहास सरळ रेषेत गेलेला नाही. ब्रायन पॉल यांनी १९९३ साली मेसा या मुक्त त्रिमितीय चित्रण-ग्रंथालयाचे काम एकट्याने सुरू केले. आज लिनक्सवरील बहुतेक मुक्त ड्रायव्हर त्याच मेसाच्या छत्राखाली आहेत. २००९ साली कर्नलच्या २.६.२९ या आवृत्तीपासून पडद्याचे रिझोल्यूशन ठरवण्याचे काम इंटेलच्या चिपसाठी कर्नलकडे आले. त्यापूर्वी ते एक्सकडे असे. नव्वदच्या दशकात पीसीक्वेस्ट मासिकाच्या सीडीवरून ज्यांनी लिनक्स बसवले, त्यांना मॉनिटरच्या पुस्तिकेत आडव्या-उभ्या वारंवारितेचे आकडे शोधणे आठवत असेल. ते आकडे आज कोणी शोधत नाही, ही निश्चित प्रगती होय.

निर्मात्यांच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. ए.एम.डी.ने सप्टेंबर २००७ मध्ये आपल्या ग्राफिक्स चिपची तांत्रिक माहिती खुली करण्याची घोषणा केली आणि तिचे फळ आज दिसते. एन्व्हिडियाने दीर्घकाळ बंदिस्त ड्रायव्हरचा मार्ग धरला. स्वयंसेवकांनी यंत्राचे वर्तन बाहेरून तपासून घडवलेला नूवो हा मुक्त ड्रायव्हर २०१० साली कर्नलमध्ये आला, पण २०१४ नंतरच्या चिपमध्ये निर्मात्याची स्वाक्षरी असलेले फर्मवेअर अनिवार्य झाल्याने त्याला चिपचा वेग वाढवणेही दुरापास्त झाले. २०१२ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात लिनस टॉरवाल्ड्स यांनी या कंपनीविषयी काढलेले उद्गार छापण्याजोगे नाहीत. मे २०२२ मध्ये त्याच कंपनीने कर्नलशी जोडणारा भाग मुक्त परवान्याखाली खुला केला. वरचा, चित्रण प्रत्यक्ष घडवणारा भाग बंदच राहिला आणि खालचा बराचसा तर्क चिपमधील बंदिस्त फर्मवेअरमध्ये गेला. अशा ड्रायव्हरला मुक्त म्हणावे काय? तांत्रिक उत्तर 'अंशतः' असे येईल. समीक्षकाला ते पुरेसे नाही, कारण येथे मुक्तता वाढलेली नसून कुंपणाची जागा बदललेली आहे.

इतर निर्मात्यांच्या 'मुक्त' ड्रायव्हरनाही फर्मवेअरच्या बंदिस्त फायली लागतातच. डेबियनने दीर्घकाळ अशा फायली मूळ संचापासून दूर ठेवल्या. ती भूमिका तत्त्वनिष्ठ होती आणि तिची किंमत नव्या लॅपटॉपच्या वापरकर्त्याने काळ्या पडद्याने चुकवली. ऑक्टोबर २०२२ मधील मतदानानंतर संस्थेने अधिकृत प्रतिष्ठापकात हे फर्मवेअर समाविष्ट करण्याचे ठरवले आणि जून २०२३ मधील डेबियन १२पासून ते अमलात आले. मुक्ततेचे पुरस्कर्ते या निर्णयाला तडजोड म्हणतील. प्रस्तुत लेखकाच्या मते तो निर्णय योग्य होता, कारण जो पडदाच उजळत नाही त्यावर कोणाला कोणते स्वातंत्र्य भोगता येणार? अर्थात या मताला दुसरी बाजू आहे आणि ती दुबळी नाही. आज पडदा उजळावा म्हणून स्वीकारलेली बंद फाईल निर्मात्याने उद्या अद्ययावत करणे थांबवले, तर पाच वर्षांचा लॅपटॉप भंगारात जातो. वसईसारख्या ठिकाणी, जेथे एकच यंत्र थोरल्याकडून धाकट्याकडे जाते, तेथे पाच वर्षे हा काही दीर्घ काळ नव्हे.

यंत्र आणि प्रणाली एकत्र आखल्यास काय होते, याचे एक उदाहरण रायगड जिल्ह्यात कर्जतजवळील खैराट धनगरवाडा येथे २००७ साली पाहावयास मिळाले. 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप तेथील छोट्या शाळेत आले. ते लिनक्सवर चालत आणि त्यांची ग्राफिक्स चिप आधीच विचारात घेऊन प्रणाली घडवलेली होती. मुलांना ड्रायव्हर हा शब्द ऐकण्याचीही वेळ येण्याचे कारण नव्हते. त्या प्रकल्पावर शैक्षणिक अंगाने टीका झाली आणि ती बरीचशी रास्त होती. त्याच्या बिनतारी जोडणीचे फर्मवेअरही बंदिस्तच होते. परंतु यंत्र निवडताना ड्रायव्हरचा विचार प्रथम करायचा, हा त्याचा एक धडा आपण घेतला नाही.

अध्यापनातील उणीव

मुंबई विद्यापीठाच्या संगणकशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान या पदवी अभ्यासक्रमांत लिनक्सचा समावेश आहे. तथापि बहुतेक महाविद्यालयीन प्रयोगशाळांत ते आभासी यंत्रात, म्हणजे दुसऱ्या प्रणालीच्या आत एका खिडकीत, शिकवले जाते. व्यवस्थेच्या दृष्टीने हे सोयीचे आहे. आभासी यंत्राची ग्राफिक्स चिप ही कल्पित चिप असते, ती सर्व विद्यार्थ्यांकडे सारखी असते आणि ती कधी रुसत नाही. विद्यार्थी आज्ञा शिकतो, परवानग्या शिकतो, शेल स्क्रिप्ट लिहितो. लिनक्स प्रत्यक्ष यंत्राशी पहिली गाठ घेते तेव्हा काय घडते, हे त्याला कळत नाही. तोच विद्यार्थी नोकरी लागल्यावर स्वतःचा लॅपटॉप घेतो, त्यावर लिनक्स बसवतो, काळा पडदा पाहतो आणि दोन दिवसांत विंडोजकडे परततो. असे कितीतरी विद्यार्थी प्रत्येक अध्यापकाच्या परिचयाचे असतील.

आय.आय.टी. मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे शिक्षण मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले, हे त्याचे मोठे कार्य होय. आपल्या अनेक महाविद्यालयांतील कार्यशाळा त्याच्याच आधाराने झाल्या. पण त्याचा घाटच असा आहे की पडद्यावरील कृती ध्वनिचित्रफितीत दिसते, निवेदन मराठीत ऐकू येते आणि विद्यार्थी बाजूच्या खिडकीत तीच कृती करतो. पडद्यावरील मजकूर इंग्रजीतच राहतो. नोकरीच्या बाजाराचा विचार करता ते समर्थनीयही आहे. मात्र पडदा उजळलेला आहे, हे त्या घाटाचे गृहीतक आहे. पडदा न उजळण्याविषयीचा पाठ पडद्यावर दाखवता येत नाही. तो छापील कागदावर असायला हवा. मराठीत लिहिलेली, ग्रबच्या सूचीत आधीचा कर्नल कसा निवडावा, प्रारंभाच्या ओळीत 'नोमोडसेट' हा शब्द का व कोठे लिहावा आणि तो कायमचा उपाय का नव्हे, सिक्युअर बूटची किल्ली नोंदवताना निळ्या पडद्यावर कोणती इंग्रजी वाक्ये येतात, हे सांगणारी दोन पानांची पत्रिका प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आली नाही. आमच्याही नाही.

धोरणाच्या पातळीवरही अशीच फट आहे. केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. ई-प्रशासनाच्या प्रणाली घेताना मुक्त-स्रोत पर्यायाला प्राधान्य द्यावे, असा त्याचा आशय होता. सी-डॅकची बॉस ही डेबियनवर आधारलेली व भारतीय भाषांना सामावणारी प्रणाली त्यापूर्वीच, २००७ साली, आलेली होती. सॉफ्टवेअरची निवड झाली, पण ते ज्या यंत्रावर चालणार त्याच्या निवडीचा निकष लिहिला गेला नाही. आपल्या महाविद्यालयांच्या खरेदीपत्रकांत प्रक्रियकाची पिढी, स्मृती आणि साठवण यांचे आकडे असतात. ग्राफिक्स यंत्रणेचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये कोणत्या आवृत्तीपासून आहे, हा रकाना नसतो. वास्तविक हा एक रकाना निम्म्याहून अधिक त्रास वाचवील. दीर्घकालीन आधार असलेल्या वितरणात कर्नल काहीसा जुना असतो. डेबियन १२मध्ये ६.१ होता, ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३मध्ये ६.१२ आहे. त्यामुळे त्या कर्नलनंतर बाजारात आलेली चिप त्याला ठाऊक नसण्याचा संभव असतो. नवा लॅपटॉप घेणाऱ्यालाच हा त्रास अधिक होतो आणि सहा महिने जुने मॉडेल घेणारा सुखी राहतो, हे लॅमिंग्टन रोडवरचा विक्रेता सांगत नाही. त्याने ते सांगावे अशी अपेक्षाही नाही.

रोमन लिपीची सोय

वसईच्या वाचकाला येथे एक जुनी गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत. मराठीची थोरवी मनापासून जाणणाऱ्या कवीचा ग्रंथ परक्या अक्षरांत निघाला, कारण देवनागरीचे खिळे छापखान्यात नव्हते. त्याची देवनागरी आवृत्ती निघण्यासाठी १९५६ साल उजाडावे लागले. ती शांताराम बंडेलू यांनी सिद्ध केली. मधल्या काळात ग्रंथ वाचला गेला, जपला गेला, पण रोमनमधून. यंत्राच्या एका उणिवेने लिपी बदलली आणि ती सोय सवयीत मुरली.

हा दाखला ताणून वापरण्याचा मोह टाळला पाहिजे. आजची देवनागरी संगणकावर सुस्थितीत आहे. लोहित मराठीसारखे मुक्त टंक आहेत, मोबाइलवर मराठी सर्रास लिहिली जाते. एका लॅपटॉपच्या ठोकळ्यांवरून भाषेच्या भवितव्याचा निवाडा करणे हास्यास्पद होईल. पण सवयी अशाच क्षणी घडतात, जेव्हा काहीतरी बिघडलेले असते आणि माणूस घाईत असतो. संगणक जाणणारी आपली मंडळी फायलींना देवनागरी नावे देऊ नका, असा सल्ला विद्यार्थ्यांना सहज देतात. प्रस्तुत लेखकानेही तो वर्षानुवर्षे दिला आहे. तांत्रिकदृष्ट्या तो सल्ला शहाणपणाचा आहे. त्या सल्ल्यामागे दडलेली कबुली मात्र आपण स्वतःलाही कधी स्पष्ट शब्दांत दिलेली नाही.

बाईंचा लॅपटॉप सध्या उत्तम चालतो. हेडरचे पॅकेज कायमचे बसवले आहे, आधीचे दोन कर्नल राखून ठेवले आहेत आणि प्रबंधाची प्रत दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर निघते. पाचही प्रकरणांच्या फायलींना त्यांनी आता रोमन नावे दिली आहेत. सामवेदी शब्दांची यादी तेवढी अजून देवनागरी नावाने आहे. ती बदलायची राहून गेली की मुद्दाम ठेवली, हे विचारले नाही.